भुशीची आत्या युरोप बघते

माझ्या आत्याइतके पर्यटक या जगात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील आणि तिच्याइतकं कमी पर्यटनही दुसऱ्या कुणी केलं नसेल. तिचं सासर भुशीला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा म्हणे दारावरून एखादी गाडी गेली तरी सगळं घर बाहेर येऊन बघायचं. नंतर गाड्या वाढल्या आणि घराला बाहेर यायची गरजच उरली नाही, कारण गाड्यांतली माणसंच घरात यायला लागली. आत्याने पडवीत आधी चहा सुरू केला, मग कांदाभजी, मग भाजलेली कणसं, आणि शेवटी मागच्या दोन खोल्यांच्या दारावर ‘येथे कपडे बदलण्याची सोय आहे’ अशी पाटी लावली. त्या पाटीमुळे अर्ध्या महाराष्ट्राला तिने ओल्या अंगाने पाहिलेलं आहे. चिंब भिजून कुडकुडत आलेल्या माणसाला आधी काय द्यायचं, टॉवेल की भजी, यावर तिची मतं एखाद्या डॉक्टरसारखी ठाम. “आदी टॉवेल. ओल्या हातानं भजं खाल्लं की मानसाला वाटतं भजंच गार हाय. मग उगा आपलं नाव खराब.”

लहानपणी मी सुट्टीत वराळ्याहून तिच्याकडे राहायला जायची. माझं मुख्य काम कणसांना लिंबू-मीठ चोळणं, पण खरी करमणूक वेगळी होती. समोर गाडी थांबली आणि मंडळी उतरायला लागली की आत्या निखाऱ्यावरची नजर न काढता भविष्य सांगायची. “लाल शर्टवाला पडनार. चष्मेवाली रुसनार. आन् त्यो जाडा हाय ना मागं, त्यो सगळ्यांच्या चपला राखत बसनार, पान्यात जायचाच न्हाई.” दोन-तीन तासांनी मंडळी परत यायची. लाल शर्टाच्या कोपराला खरचटलेलं असायचं, चष्मेवाली सगळ्यांच्या पुढे एकटीच चालत असायची आणि जाड्या पूर्ण कोरडा, काखेत सहा जणांच्या चपला. मी विचारायची, तुला कसं कळतं गं? ती म्हणायची, “पोरी, मानूस घरी लपतं. सहलीला आलं की लपत न्हाई.”

तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक शिट्टी असायची. कबड्डीचे पंच वापरतात तसली, काळ्या दोरीची. नको तिथे पुढे जाणाऱ्या माणसाला मागे बोलवायला ती स्वतःहून वाजवायची. तिला ना कुणी नेमलं होतं, ना कुणी थांबवलं. त्या शिट्टीच्या आवाजात इतका अधिकार होता की एकदा रस्त्याने चाललेल्या वरातीतला बँड वाजायचा बंद पडला आणि नवरदेव घोड्यावरून उतरून उभा राहिला. आत्याने त्यालाही सोडलं नाही. “आता उतारलाच हायस तर च्या घिऊन जा,” म्हणाली.

मात्र इतकी वर्षं पाण्याच्या शेजारी राहून ती स्वतः कधी त्या पाण्यात उतरली नव्हती. आळंदी, जेजुरी आणि नात्यातली लग्नं सोडली तर ती कुठे गेलेलीही नव्हती.

पुढे मी एम.एस. करायला जर्मनीत गेले. दक्षिणेकडचं एक लहानसं गाव, मोठं विद्यापीठ आणि वसतिगृहातली माझी लांबट खोली. घरचे फोनवर विचारायचे, जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास झाला का. आत्याचे प्रश्न निराळे. “तुझ्याकडं पर्यटक येत्यात का?” येतात, म्हटलं. “मग त्ये बसत्यात कुटं? त्यांची पोरं मुतायला कुटं जात्यात?” जर्मनीबद्दल इतकं मुद्द्याचं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

शेवटच्या प्रबंधाआधी मला एक आठवडा मोकळा मिळणार होता. तेवढ्यात आई-बाबांना बोलवावं आणि प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी छोटी सहल करून आणावी, असं माझ्या मनात होतं. पण आईला खंडाळ्याचा घाट उतरतानासुद्धा मळमळतं आणि बाबा म्हशी सोडून तळेगावातसुद्धा मुक्कामाला राहत नाहीत, ते युरोपात कुठले येणार? ही चर्चा भुशीला पोचली आणि आत्याचा फोन आला. “मी येते. ल्योकानं दुबईला न्यायचं म्हनून पासपोर्ट काडला व्हता. दुबई ऱ्हाईली, पासपोर्ट तसाच पडलाय. आयुष्यभर लोकं बगायला आली, मी त्यास्नी बगत बसले. आता एकडाव मी बी बगायला जाते.” दसरा झाला, धरणावरची गर्दी ओसरली, शेतात इंद्रायणी भात पिवळा पडायला लागला, आणि भात कापणीच्या आत परत यायचं या बोलीवर आत्या विमानात बसली.

विमानतळावर ती बाहेर आली ती कानटोपी, स्वेटर, सहावारी साडी आणि खाली माझ्या आतेभावाचे बूट अशा वेषात. बरोबर एक गुजराती जोडपं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि घाईघाईने निघून गेले. “भांडलेली व्हती बिचारी,” आत्या म्हणाली. “मी सांगितलं, विमान उतरायच्या आत मिटवा, न्हाईतर सहल नासती. मिटवलं.” कोणत्या भाषेत सांगितलंस, असं मी विचारलं नाही.

प्रागला त्या जुन्या घड्याळाखाली दर तासाला गर्दी जमते. टोल पडायची वेळ झाली की वरच्या खिडक्या उघडतात, आतून पुतळे फिरत जातात आणि शेकडो माणसं माना वर करून बघत राहतात. सगळ्या गर्दीत एकटी माझी आत्या घड्याळाकडे पाठ करून उभी होती. ती गर्दी बघत होती. मी म्हटलं, “अगं आत्या, वर बघ, पुतळे निघाले!” ती म्हणाली, “पुतळं काय पळून जात्यात? ही मानसं बग. ती पांडऱ्या टोपीवाली रुसली. आन् त्यो बग, चपला राखनारा हितंबी हाय.” खरंच, खांबाला टेकून एक गोरापान जाडा मनुष्य पाच जणांच्या बॅगा गळ्यात अडकवून उभा होता. आत्याला इतका आनंद झाला की तिने त्याला हात केला. त्यानेही केला. परदेशात आल्याचा तिचा उरलासुरला धसका त्या क्षणी गेला.

किल्ल्याचा चढ मात्र तिने अर्ध्यात सोडला. “आमच्याकडं लोहगड हाय,” असं तिने तिकीट तपासणाऱ्या मुलीला स्वच्छ मराठीत सांगितलं आणि बाकावर बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, “तू लोहगडावर तरी कधी गेलीस?” “खालनं दिसतो की,” ती म्हणाली. “ज्याला खालनं दिसत न्हाई त्यानं वर जावं.” मी वर जाऊन आले तोपर्यंत तिच्या बाकावर दोन कोरियन मुली येऊन बसल्या होत्या आणि पिशवीतली लोणावळ्याची चिक्की कडाकडा खात होत्या.

आणि शिट्टी. मला वाटलं होतं ती घरी ठेवून आली असेल. तिथल्या एका रुंद रस्त्यावर फोटो काढताना एक तरुण बाई मागे मागे सरकत ट्रामच्या रुळांवर गेली आणि वळणावरून ट्राम आली. मला ओरडायलाही सुचलं नाही. स्वेटरच्या आतून शिट्टी कधी निघाली तेही कळलं नाही, पण ती अशी वाजली की बाई उडी मारून फुटपाथवर आली, ट्राम थांबली, दोन सायकली थांबल्या आणि कोपऱ्यावरचा व्हायोलिनवाला वाजवायचा थांबला. ती बाई आत्याचे हात धरून काहीबाही बोलत होती. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, “हिला सांग, फोटू फुडं बगून काडायचा.”

व्हिएन्नाच्या राजवाड्यात तिला झुंबरं, आरसे, सोन्याचा मुलामा यांतलं काहीच टिकून बघावंसं वाटलं नाही. ती थांबली ती थेट सम्राटाच्या साध्या लोखंडी खाटेपाशी. दोरीवरून वाकून तिने चादरीला बोट लावलं आणि पहारेकरी धावत आला तेव्हा त्याला बोट दाखवत म्हणाली, “धूळ हाय.” त्याने बोट पाहिलं. धूळ होती. तो आपल्या खुर्चीकडे परत गेला.

व्हिएन्नात आम्ही उतरलो होतो ते एका वयस्कर बाईंच्या घरगुती लॉजमध्ये. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, मोजक्या खोल्या आणि नाश्त्याला त्यांनी स्वतः केलेला जर्दाळूचा मुरंबा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्या खोलीत नाही. जिन्यात नाही, खाली रस्त्यावर नाही. फोन उशाशी पडलेला. मी अनवाणीच सगळा मजला धुंडाळला आणि शेवटी मागच्या बोळकांडीत मला ती दिसली. धुतलेल्या चादरींचा ढीग पडला होता. एका चादरीची दोन टोकं मालकीणबाईंच्या हातात, दोन आत्याच्या. दोघी ताणायच्या, झटकायच्या, एकमेकींकडे चालत यायच्या, टोकं जुळवायच्या आणि परत मागे सरायच्या. असं वाटत होतं, लहानपणापासून दोघी हेच करत आल्यात.

मला पाहून बाईंनी जर्मनमधून सांगितलं की तुमच्या आत्याबाईंना चादरीची घडी घालता येते, हल्ली कुणाला येत नाही. मी भाषांतर केलं. आत्या म्हणाली, “हिला इचार, हिच्यामागं हे कोन बगनार?” मी विचारलं. बाई हसल्या. कुणीच नाही, म्हणाल्या. एकच मुलगी आहे, ती शिकायला म्हणून कॅनडात गेली आणि तिथलीच झाली. मी आत्याला सांगितलं.

आत्या चादरीचं टोक धरून थांबली. “हिची बी गेली का?” एवढंच म्हणाली आणि घडी पुरी केली.

त्या ‘बी’ने मी दचकले. कारण मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी जर्मनीतल्याच एका कंपनीने प्रबंध झाल्यावर नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. मी होकार दिला होता. काम मला मनापासून हवं होतं तसंच होतं. इकडे वराळ्याला बाबांनी मात्र माझ्यासाठी घरावर खोली बांधायला काढली होती. आजूबाजूला इतके कारखाने झालेत, पोरीला घरातून कामावर जाता येईल, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. खिडकी कुठल्या बाजूला हवी, हे विचारायला त्यांचा फोन यायचा आणि मी म्हणायची, पूर्वेला. ही सहल मी ठरवली होती ती खरं तर आई-बाबांना समोर बसवून सांगायला. आले ते नाहीतच. आणि आत्या आली, तिने गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं.

बुडापेस्टला जाणाऱ्या गाडीत तिने मला सीताफळाएवढा लाडू खायला लावला आणि झोपून गेली.

बुडापेस्टला गरम पाण्याची जुनी स्नानगृहं आहेत. पिवळ्या राजवाड्यासारखी इमारत, मधोमध उघड्यावर मोठा तलाव, गार हवेत पाण्यावरून उठणारी वाफ आणि त्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. मला वाटलं आत्या काठावर बसून त्यांचं भविष्य सांगेल. ती बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, “मी बी उतरू का?”

साडीवर आत सोडत नव्हते. जवळच्या दुकानातून मी तिला मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोहायचा पोशाख आणला. आरशात बघून ती म्हणाली, “कबड्डीची क्याप्टन दिसतीय,” आणि लाजली. आत्याला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कठडा घट्ट धरून ती पायरी पायरी उतरली. पाणी कमरेला लागलं तशी एक बारीक किंकाळी फोडली, मग हसायला लागली, आणि मग तिचं काय झालं कोण जाणे. आयुष्यभर जे करणाऱ्यांना तिने दटावलं होतं ते सगळं तिने एका तासात करून घेतलं. दोन्ही हातांनी पाणी उडवलं. नाक धरून डुबकी मारली. बाहेर जाऊन पायरीवरून पुन्हा धपकन उडी घेतली. बुद्धिबळाचा एक पट पाण्याने निथळायला लागला, एक वजीर तरंगत निघाला, आणि तेवढ्यात काठावरून कर्कश शिट्टी वाजली. जीवरक्षक मुलगा आत्याकडे बोट दाखवत उभा होता. आत्या जागच्या जागी थिजली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, “मला?” त्याने मान हलवली. तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

मग ती शहाण्यासारखी माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकली. मी विचारलं, “आत्या, तू आपल्या धरणात का नाही गं कधी उतरलीस?”

“कवा उतरू?” ती म्हणाली. “पावसाळ्यात गिऱ्हाईक. पावसाळा सरला की पानी न्हाई.”

मग तिने सरळ विचारलं, “कंपनी चांगली हाय का?”

“हो.”

“मानसं?”

“चांगली आहेत.”

“मग रडतीस कशाला?”

“बाबांनी खोली काढलीय गं वर.”

“खोली कुटं पळून जातीय? ऱ्हाईल तितंच.” तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं, म्हणजे रडणं कुणाला दिसू नये. “एकच सांगते. हितं ऱ्हायचं तर हितली होऊन ऱ्हा. पर्यटक होऊन ऱ्हाऊ नगं. पर्यटकाला चार दिस समदं ग्वाड लागतं, मग त्याला घर आठावतं आन् त्यो कावतो. आन् तुझ्या बापाला मी सांगते. तुला जमायचं न्हाई, तू फोनवर नुसतीच हुंदके देत बसशील.”

आणि तिने सांगितलं. विमानातून उतरून भुशीला न जाता थेट वराळ्याला गेली. आईने मला नंतर सगळं कळवलं. चहा व्हायच्या आत आत्या म्हणाली, “पोरगी तिकडंच ऱ्हानार हाय. मी बगून आले, जागा चांगली हाय. काय भांडायचं त्ये माझ्यासंगं भांड.” बाबा भांडले नाहीत. उठून वर गेले आणि नव्या स्लॅबला पाणी मारत बसले. बराच वेळ झाला तरी खाली येईनात, तेव्हा आत्या अंगणातून ओरडली, “मार, मार पानी. पोरगी येनार न्हाई म्हनून सिमेट कच्चं ठिवू नगंस.” बाबांनी वरून तिच्या अंगावर पाइप धरला. आई सांगते, ती जागची हलली नाही, भिजत उभी राहिली. मग दोघं भावंडं एकदम हसायला लागली आणि हसता हसता बाबा खाली बसले. दिवाळीत भाऊबीजेला ते तिच्याकडे गेले आणि ओवाळून घेताना म्हणाले, “तिला म्हणावं, खोलीचा रंग तरी तिनंच निवडायचा.” मी फिकट पिवळा निवडला.

आता मला जर्मनीत नोकरीला लागून बरीच वर्षं झाली. दुकानदार मला नावाने ओळखतात, शेजारीण माझ्या दारातला बर्फ झाडते, मी तिच्या मांजराला सांभाळते. आत्याने सांगितलं तशी मी तिथली झाले असावे. वर्षातून एकदा येते, तेव्हा वराळ्याच्या त्या पिवळ्या खोलीत झोपते आणि दोन दिवस तरी भुशीला जाऊन राहते. आत्याचे गुडघे गेलेत. पडवीतलं सगळं आता सून बघते. आत्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलते, आणि बोलते ती हटकून युरोपाबद्दल.

गेल्या खेपेला मी गेले तो रविवार होता. सून कणसं आणायला गेली होती म्हणून मी आत भजी तळत होते. बाहेर पिंपरीकडचं एक कुटुंब टेकलं होतं. आई, वडील आणि कॉलेजातली मुलगी. आत्याची सहल रंगात आली होती. तिच्या सांगण्यात प्रागचं घड्याळ व्हिएन्नाला गेलं होतं, सम्राट बुडापेस्टच्या गरम पाण्यात आंघोळ करत होता आणि आठवड्याचा महिना झाला होता. ती मंडळी मनापासून हसत होती.

मग त्या बाईंनी विचारलं, “आणि तुमची भाची? ती काय करते आता?”

“शिकतीय की,” आत्या म्हणाली.

“अजून?”

“लय मोटं शिक्षान हाय त्ये. तितं येळ लागतो. झालं की येनार हाय हिकडं.”

मी झारा हातात घेऊन दारापर्यंत गेले. तिथून तिची पाठ दिसत होती, आणि तिच्यासमोर बसलेल्या त्या मुलीचा चेहरा. मुलगी विचारत होती, “कधी येणार मग?”

“यील की,” आत्या म्हणाली. “घाई कशाची हाय?”

मी बाहेर गेले नाही. मागे येऊन दुसरा घाणा सोडला आणि भजी लाल होईपर्यंत तिथेच उभी राहिले.